अवसेचा भत्ता

ओमप्रकाश सेठच्या ट्रान्सपोर्टमध्ये भीतीला भाव होता आणि धाडस फुकट जात होतं. ऐकायला उफराटं वाटेल, पण नागपूरच्या गांधीबागेतल्या त्या पेढीवर बरीच वर्षं हाच हिशेब चालला आणि कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. ज्याला दिसलं, त्याचीच ही गोष्ट.

काटोलकडची संत्री दिल्लीला जायची. संत्र्याला पंचांग कळत नाही. तोडलं की चढवायचं, चढवलं की पळवायचं, नाहीतर पेटीतच त्याला बुरशी लागते. पण ट्रक हाकणाऱ्याला पंचांग कळतं. अवसेच्या दिवशी सेठचा एकही ड्रायव्हर अड्ड्यातून गाडी बाहेर काढायला तयार नसे. सिवनीच्या वाटेवरच्या कुरईच्या घाटात कोणाला रस्त्यात उभी बाई दिसली होती, कोणाच्या गाडीवर मागून कोणी चढलं होतं. एकानं पाहिलेलं दहा जण सांगत आणि सांगता सांगता ते दहाही जणांनी पाहिलेलं होऊन जाई. सेठ व्यापारी माणूस. तो भीतीशी वाद घालत बसला नाही. त्यानं तिला किंमत लावली. अवसेला जो गाडी काढेल त्याला खेपेच्या पगारावर निराळा भत्ता, वर एक नारळ आणि लिंबू-मिरचीची माळ.

आता खेपेचा पगार म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. त्यात जाणं आलं, येणं आलं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होईतो जागणं आलं. नाक्यानाक्यावर हात जोडणं, फुटलेला टायर उन्हात बदलणं, बाहेरच्या बाहेर जेवणं, घरी लेकरू आजारी असलं तर ते बरं झाल्यावर कळणं, हे सगळं त्यात आलं. या कशालाही वेगळा भत्ता नव्हता. भत्ता होता तो भुताला.

धोंडबा त्याच पेढीवर ड्रायव्हर होता. राहायला इंदोऱ्यात. छपन्न साली बापाचं बोट सोडण्याच्या वयात त्यानं बापासोबत दीक्षा घेतली होती. त्या दिवशी घरी आल्यावर बापानं देव्हारा, ताईत, मायच्या दृष्ट काढायच्या लिंबांची टोपली, सगळं एका पोत्यात भरून नेऊन नदीत सोडलं होतं आणि परत येताना पोतं तेवढं झटकून आणलं होतं. तेव्हापासून धोंडबाच्या मनात अवस आणि पुनव यांत चंद्रापुरताच फरक उरला होता.

त्याची चूक एवढीच, की ही गोष्ट तो चारचौघांत बोलला. एका अवसेला माल भरून उभा होता, ड्रायव्हर माना खाली घालून बसले होते, आणि सेठ भत्ता वाढवू की नको अशा विचारात होता. धोंडबा उठला आणि म्हणाला, "मले काय अवस न काय पुनव. मी जातो."

बोलताना त्याची छाती फुगली होती, हे खरं आहे. फुगू नये का? सगळे त्याच्याकडे पाहत होते. सेठही पाहत होता, पण त्याच्या पाहण्यात निराळंच काही होतं.

खेप करून आल्यावर धोंडबा भत्ता मागायला गेला. सेठ गोड हसला. "अरे धोंडबा, भत्ता भेवाचा असते. तुले तर भेवच नाही. मग कायचे पैसे देऊ?"

बाजूला मुनीम नत्थूजी बसला होता, तोही हसला. धोंडबालाही हसावं लागलं. आणि त्या दिवसापासून प्रत्येक अवसेची खेप त्याचीच झाली, बिनभत्त्याची. एकदा बोलला आणि कायमचा जुंपला गेला.

अंजनाबाईला हे पटत नव्हतं. ती नवऱ्यापुढं भाकर ठेवायची आणि त्यासोबत हेही वाढायची.

"भेव वाटते म्हना ना. दोन शब्दानं काय बिघडते?"

"भेव नाही वाटत तर कसं म्हनू वं?"

"लोकाइले तरी खरंखुरं वाटते काय? तुमच्या अड्ड्यातले रामाजीभाऊ तर म्हने, पैशाच्या मानानं भेव वाटते."

"त्याईचं त्याईपाशी. मी लिंबू नाही बांधत. बापानं नदीत सोडलं ते मी दांड्याले लटकवू?"

तिनंही दीक्षा घेतलेली होती. पण माणूस फुकट वापरला जातो आहे हे समजायला तिला कोणत्याही धर्माची गरज पडत नव्हती, आणि तिचा राग काही जात नव्हता.

यात आणखी एक गोम होती. प्रत्येक ड्रायव्हरची गाडी ठरलेली. अवसेला बाकीचे घरी बसत आणि आपल्या गाडीची चावी सोबत नेत. आपली गाडी अवसेला दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, असा अड्ड्याचा रिवाज. धोंडबाची ठरलेली गाडी तर सेठनं एकदा, जुनी झाली म्हणून, विकून टाकली होती. मग अवसेसाठी उरायची ती एकच, कोपऱ्यात उभी असलेली म्हातारी. सगळे तिला म्हातारीच म्हणत. ती चालायची, पण थांबायचं तिला जिवावर येई. ब्रेकवर पाय दिला की पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा काही नाही, तिसऱ्यांदा दाबला की कुठं खाली काही तरी पायाला लागल्यासारखं होई. हँडब्रेकचा दांडा तर नुसता शोभेला होता.

धोंडबानं सांगितलं होतं. एकदा नाही, दरवेळी. सेठ म्हणायचा, "हंगाम झाला का करू." संत्र्याचे हंगाम वर्षाला दोन. एक संपून दुसरा लागायला वेळ लागत नाही.

एका माघातली गोष्ट. धोंडबा म्हातारीत सिवनीहून गहू भरून परत येत होता. सोबत क्लीनर केशव, चाळिशी उलटलेला, कमी बोलणारा माणूस. भर दुपार होती, ऊन स्वच्छ पडलेलं. कुरईचा घाट उतरताना एका वळणावर धोंडबानं ब्रेक दाबला. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदाही नाही. पाय थेट पत्र्याला लागला. गाडी गव्हाच्या वजनानं खाली ओढली जाऊ लागली. केशवनं दार उघडलं आणि चाकाखाली लावायचा लाकडी ओट हातात घेऊन उडी मारायच्या बेतात एक पाय बाहेर काढला. धोंडबानं गिअर खाली ओढला, गाडी डोंगराच्या अंगाला घातली, दगडांवर पत्रा घासत घासत नेली आणि कशीतरी उभी केली.

मग तो खाली उतरला, रस्त्याच्या कडेला बसला आणि त्याला लघवीलाही उठवेना. समोर सागाचं रान होतं, वारा नव्हता, एक पानही हलत नव्हतं. रस्त्यात कोणी बाई उभी नव्हती. मागून कोणी चढलं नव्हतं. आणि धोंडबाला भीती वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा अशी, हाडात शिरलेली. केशव त्याच्याजवळ बसला आणि म्हणाला, "पुढच्या खेपीले हे म्हातारी काही थांबत नाही, भाऊ."

गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगवत नागपुरात आणल्या आणल्या धोंडबा पेढीवर गेला. अंगावर घाटातली धूळ तशीच होती.

"सेठजी, मले भेव वाटते."

सेठचा चेहरा उजळला. "वा. मग आता तुझा हक्क झाला. घे भत्ता. नत्थूजी, माळ द्या याले."

"अवसेचं नाही. ब्रेकचं भेव वाटते."

सेठचा हात गल्ल्यावरच थांबला. "हे पाय धोंडबा. अवसेचं भेव असन तर भत्ता हाये. ब्रेकचं भेव असन तर दुसरा ड्रायव्हर हाये."

"मले भत्ता नको. त्याच पैशात ब्रेकचं काम करा."

"हंगाम झाला का करू."

"तर मंग मी म्हातारी नाही नेत."

सेठ रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "ठीक. ज्याले भेव वाटते तो नेईन."

आणि खरंच, पुढच्या अवसेला असा माणूस मिळाला. रामाजी निघाला. रामाजी पेढीवरचा सर्वांत जुना ड्रायव्हर, धोंडबाला गाडी शिकवणारा. पहिल्यांदा धोंडबाच्या हातात चाक दिलं तेव्हा याची जात विचारणाऱ्या एकाला त्यानं शिव्या घालून खाली उतरवलं होतं. त्याच्या घरावरची कवेलू फुटली होती, पावसाळ्याआधी बदलायची होती, आणि सेठनं या वेळी भत्ता वाढवला होता. त्याची स्वतःची गाडी मिस्त्रीकडं खोलून पडली होती, म्हणजे न्यायला उरली ती म्हातारीच.

धोंडबा त्याच्या घरी गेला. "रामाजीभाऊ, तिच्यात पायाखाली काहीच नाही. घाटात मी मेलोच होतो."

रामाजी तंबाखू मळत होता. "मले मालूम हाये गा. म्हातारी मी तुह्याआधी चालवली."

"मंग काहून जाऊन राहिले?"

"पैसे घेतले ना बाप्पा. रंभाबाईनं कवेलूवाल्याले देऊनबी टाकले. आन मी काही तुह्यासारखा कोरडा नाही जात. नारळ फोडतो, माळ बांधतो. देवाचं नाव घेऊन जाणाऱ्याले देव सांभाळते."

"देव ब्रेक मारते काय?"

"तू मानत नाही म्हनून तुले घाटात तसं झालं," रामाजी म्हणाला, अगदी मायेनं. धोंडबा उठला. घरी येताना त्याचं डोकं सुन्न झालं होतं. ज्याला ब्रेक दिसतात तो जात नाही, आणि जो जातो त्याला ब्रेक दिसूनही दिसत नाहीत. याला कसं अडवायचं? खरं सांगून अडत नाही. मग?

अवसेच्या दिवशी सकाळी धोंडबा इतवारीच्या बाजारात गेला. तिथं त्यानं लिंबं घेतली, कुंकू घेतलं, तांदूळ घेतले, काळ्या कपड्याची बाहुली घेतली. दुकानदारानं पुडी बांधून दिली, काही विचारलं नाही. विचारलं असतं तर धोंडबा तिथंच मेल्याहून मेला असता. हातातली ती पुडी त्याला वजनाला जड वाटत होती. दुपारी अड्ड्यातली माणसं जेवायला गेली तेव्हा त्यानं म्हातारीच्या पुढच्या चाकांसमोर तांदळाचा ढीग मांडला, लिंबू चिरून त्यात कुंकू भरलं, बाहुली मधोमध ठेवली. कसं मांडायचं हे त्याला आठवावं लागलं नाही. लहानपणी मायला मांडताना पाहिलेलं हाताला अजून येत होतं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली. बापानं जे नदीत सोडलं ते त्यानं आज आपल्या हातानं बाहेर काढलं होतं. पण रामाजी जगेल, असं तो मनाशी म्हणाला, आणि जाऊन अड्ड्याच्या भिंतीशी बसला.

उतारा पाहिल्यावर अड्ड्यात जे व्हायचं तेच झालं. हमालांच्या संत्र्याच्या पेट्या चढवून झाल्या होत्या, ते दूर सरकले. ड्रायव्हर दोन पावलं मागं झाले. रामाजीच्या तोंडावरचा रंग गेला. "म्या नाही ओलांडत," तो म्हणाला. "कवेलू गेले चुलीत."

धोंडबाला मनात केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं उतारा मांडला आणि तो लागू पडला.

इतक्यात सेठ आला. त्यानं उतारा पाहिला, लांबूनच हात जोडले, भरलेल्या गाडीकडं पाहिलं, वास घेतला. संत्र्यांचा गोड वास सगळ्या अड्ड्यात भरला होता आणि ऊन वाढत होतं. मग त्याची नजर फिरत फिरत भिंतीशी आली.

"उतारा कोनाले लागते?" त्यानं सगळ्यांना विचारलं.

"पहिल्यांदा ओलांडन त्याले," दोघंतिघं म्हणाले.

"न जो मानतच नाही त्याले?"

सेठ धोंडबाजवळ आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू काही म्हातारी दिल्लीले नेऊ नको. फक्त उताऱ्यावरून काढ, दरवाज्यापावतर आन. उतारा तुह्यावरून निघून जाईन, तुले तर लागतच नाही. मंग रामाजी बसन."

रामाजीनं मान डोलवली. त्याच्या चेहऱ्यावर परत रंग आला होता.

धोंडबा उठला. त्याच क्षणी कबूल केलं असतं, की उतारा माझा आहे, तर? तर रामाजी लगेच चाकावर बसला असता. त्यापेक्षा दुसरं काही तरी त्याच्या डोक्यात आलं आणि ते त्याला फार चांगलं वाटलं. अड्डा दरवाज्याकडं उतरता होता. सगळे ड्रायव्हर उभे होते, सेठ उभा होता. पहिल्या गिअरमध्ये गाडी खाली न्यायची आणि सगळ्यांच्या देखत ब्रेक दाबायचा. थांबली तर थांबली. नाही थांबली तर दरवाज्याच्या खांबावर घालायची. खांब पडेल, दर्शनी पत्रा जाईल, पण मग ब्रेक आहे असं सेठही म्हणू शकणार नाही आणि रामाजीही.

केशव ओट घेऊन मागच्या चाकाशी गेला. धोंडबा चढला, गाडी सुरू केली. म्हातारीचं पुढचं चाक तांदळांवरून, लिंबांवरून, बाहुलीवरून गेलं. मागं कोणी तरी देवाचं नाव घेतलं.

उतारावर गाडीनं वेग धरला. धोंडबानं ब्रेक दाबला. पहिल्यांदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. पाय पत्र्याला टेकला. ठीक, तो म्हणाला, आता खांब. त्यानं चाक वळवायला घेतलं आणि तेव्हा त्याला खांबाच्या पायाशी, उंबऱ्यावर, वाकलेला रामाजी दिसला. हातात नारळ होता.

गाडी निघताना उंबऱ्यावर नारळ फोडायचा, हे धोंडबाला माहीत होतं. पण त्याच्या खेपांना कधी कोणी नारळ फोडला नव्हता. त्याच्या हिशेबात नारळ आलाच नव्हता.

त्यानं हॉर्न दाबला. दाबून धरला. नारळ फोडताना ड्रायव्हर हॉर्न देतोच, तो मान असतो. रामाजीनं मान वर करून पाहिलंही नाही, हसून नारळ दगडावर आपटला. केशवचा ओट चाकाखाली आला, चिरडून गेला आणि गाडी उंबऱ्यावर गेली.

रामाजी वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ब्रेकवर ठेवायचा तो पाय.

अड्ड्यातल्या एकाही माणसानं ब्रेकचं नाव घेतलं नाही. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं की गाडी थांबली नाही, पण त्याआधी सगळ्यांनी उतारा पाहिला होता. उतारा केवढा जबर, न मानणाऱ्याच्या हातून मानणाऱ्याचा पाय घेतला, असं बोलणं गांधीबागेत चार दिवस चाललं. सेठनं म्हातारीसमोर बकरा कापला. रामाजीला भत्ता पूर्ण दिला, खेप न करता दिला. लोक म्हणाले, मन मोठं आहे.

धोंडबा दवाखान्यात गेला. रामाजी पांघरुणाच्या सपाट झालेल्या बाजूकडं न पाहता वर पाहत होता. रंभाबाई पायथ्याशी बसली होती.

"रामाजीभाऊ, उतारा म्या मांडला होता. तुमी जाऊ नये म्हनून. पाय ब्रेकनं गेला, आन माह्यानं गेला."

रामाजीनं मान त्याच्याकडं वळवली. मग म्हणाला, "तुले उगा वाटते गा. तू तं मानत नाही. न मानणाऱ्यानं मांडलेला लागत नाही."

"अवस होती बाप्पा," रंभाबाई म्हणाली. "तुम्ही काही मनावर घेऊ नका, भाऊ."

धोंडबा बाहेर आला आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडला. त्यांनी त्याला शिव्या दिल्या असत्या तर त्याला घरी जाता आलं असतं.

पुढची अवस आली. सेठनं त्याला बोलावलं. गल्ल्यातून भत्ता काढला, रामाजीला दिला होता तेवढा, आणि त्याच्या हातावर ठेवला. "आता तुलेबी भेव वाटते. आता हा तुझा हक्क. माळ नसन बांधत तर नको बांधू, मी आग्रह नाही करत."

"न ब्रेक?"

"हंगाम झाला का करू."

धोंडबानं पैसे परत ठेवले नाहीत. दारात केशव उभा होता. त्याला थोडीफार गाडी चालवता येत होती, आणि त्याच्याकडं सेठ मघापासून पाहत होता. धोंडबानं पैसे मुठीत धरले, अड्ड्यात गेला, म्हातारी काढली आणि तशीच हळूहळू, चाकामागून केशवला नवा ओट घेऊन चालवत, रुपराव मिस्त्रीच्या दारात नेऊन उभी केली.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा हात कोपरापर्यंत काळे होते. अंजनाबाईनं पाणी दिलं.

"भत्ता भेटला म्हनते. केशवची बायको सांगत होती."

"भेटला."

"कुठी हाये?"

"म्हातारीले लावला. ब्रेकचं काम केलं."

इतकी वर्षं तिनं जे मागितलं ते अखेर मिळालं होतं, आणि ते सेठच्याच गाडीत गेलं होतं. ती काही बोलणार होती, पण त्यानं खेपेसाठी कपडे बांधायला घेतलेले तिनं पाहिले. भाकरी फडक्यात गुंडाळून तिनं त्याच्यासमोर ठेवल्या.

"म्हंजे आता थांबते गाडी?"

"पुढच्या चाकाइचं झालं. तेवढ्यातच पैसे सरले."

"न मागच्या?"

धोंडबानं भाकरी उचलल्या आणि चपला पायात घातल्या.

"मागच्याचं पुढच्या अवसेले."